मालक घरी, माल हजार किलोमीटरवर: दूरच्या खरेदी-विक्रीची सर्वांत जुनी माहीत असलेली पद्धत कोणती?

बोरूबहाद्दर

नमस्कार मंडळी. घरबसल्या खरेदीचा इतिहास शोधायला गेलं की गोष्ट बहुधा एकोणिसाव्या शतकातच सुरू होते. वेल्समधल्या न्यूटाउन गावचा प्राइस प्राइस-जोन्स १८६१ च्या सुमारास टपालाने लोकरी कापड पाठवू लागला, १८७२ मध्ये शिकागोत माँटगोमेरी वॉर्डने एका पानावर मालाची यादी छापली, १८७७ मध्ये आपल्याकडे टपालखात्याने व्हीपीपी (पार्सल दारात आल्यावर पैसे द्यायची सोय) आणली. मला याच्या कितीतरी मागे जायचंय.

माल पाठीवर टाकून गावोगाव फिरणारा व्यापारी माझ्या प्रश्नात बसत नाही, कारण तो मालासोबत स्वतः जातो. मालक आपल्या गावी बसलेला आहे, माल दुसऱ्याच्या हाती देऊन लांबच्या मुलखात पाठवलाय, तिथे तो विकला गेलाय आणि पैसे मालकाकडे परत आलेत, असं सगळं लेखी सापडणारं सर्वांत जुनं ठिकाण कोणतं? वाटेत माल काढून घेतला नाही हे कसं कळायचं? वाटखर्च कोण करायचं? पैसे कसे यायचे, उधारी बुडाली तर काय? आकडे असतील तर आकड्यांसकट सांगा. "प्राचीन काळी व्यापार भरभराटीला आला होता" छापाची वाक्यं पाठ्यपुस्तकात पुष्कळ वाचून झाली आहेत.

वखारमुनीम

तुमच्या सगळ्या अटी पुऱ्या करणारं ठिकाण म्हणजे कानेश. आजच्या तुर्कस्तानात कायसेरी शहराच्या ईशान्येला साधारण २० किलोमीटरवर क्युलतेपे नावाची टेकडी आहे, तेच हे. तिच्या पायथ्याच्या वस्तीत अश्शूर शहरातून आलेले व्यापारी राहत. अश्शूर म्हणजे इराकमध्ये तैग्रिस नदीकाठी, मधलं अंतर सुमारे १,००० किलोमीटर. काळ साधारण इ.स.पू. १९४५ ते १८३५ हा मुख्य, त्यानंतर लहानसा दुसरा टप्पा. या व्यापाऱ्यांच्या घरांतून मातीच्या सुमारे २३,००० पाट्या निघाल्या आहेत. पत्रं, कर्जरोखे, हिशेब, खटल्यांची टिपणं, सगळं खाजगी घरांतलं. राजाचं दप्तर इतरत्रही सापडतं, पण व्यापाऱ्यांची एवढी घरगुती दप्तरं त्या काळातली दुसरीकडे कुठेच नाहीत.

अश्शूरहून दोनच मुख्य वस्तू जात: कथील आणि लोकरी कापड. कथील पूर्वेकडून इराणमार्गे अश्शूरला यायचं. अनातोलियात तांबं भरपूर, पण कांसं करायला त्यात दहाव्या हिश्श्याच्या आसपास कथील लागतं आणि ते तिथे मिळत नसे. कापड काही दक्षिणेतून, बाबिलोनकडून यायचं, काही अश्शूरच्या बायका घरी विणायच्या. परतीला चांदी आणि सोनं.

आता पद्धत. वजनं आधी लक्षात घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही: १ शेकेल म्हणजे सुमारे ८.३ ग्रॅम, ६० शेकेलचा १ मिना म्हणजे साधारण अर्धा किलो, ६० मिनांचा १ टॅलेंट म्हणजे ३० किलो.

गाढवाच्या दोन बाजूंना एकेक गोणी. प्रत्येकीत ६५ मिना कथील, कापडात गुंडाळून, बांधून, वर मातीचा गोळा आणि त्यावर मोहोर. दोन्ही मिळून १३० मिना, म्हणजे २ टॅलेंट १० मिना. पत्रांत "मोहोरबंद २ टॅलेंट १० मिना कथील" हा आकडा पुन्हा पुन्हा भेटतो, कारण ते गाढवाचं ठरलेलं ओझं होतं. याशिवाय साधारण १० मिना कथील सुटं, मोहोर न लावता, तांडेवाल्याच्या हाती देत. वाटेतली जकात, दाणावैरण, मुक्काम, सगळं त्यातून भागवायचं. तुमच्या दोन प्रश्नांचं उत्तर इथेच आलं. मोहोरबंद मालाला हात लावायचा नाही आणि खर्च सुट्या कथलातून करून त्याचा हिशेब द्यायचा. पोचल्यावर मोहोर शाबूत आणि वजन बरोबर असेल तर तांडेवाला मोकळा.

कापडाची खेप असेल तर एका गाढवावर साधारण २५ नग. बऱ्याच खेपांत कथलाच्या गोण्या दोन बाजूंना आणि वर काही कापड असा मिसळ माल असे.

कागदपत्रं (मातीपत्रं म्हणा) तीन प्रकारची. पहिला माल सोपवल्याचा करार: अमक्या साक्षीदारांसमोर अमका माल, इतकी गाढवं, इतकं सुटं कथील अमक्याच्या हाती दिलं. दुसरं आगाऊ पत्र, कानेशच्या माणसाला: अमका येतोय, त्याच्याकडे हे हे आहे, आल्यावर काय करायचं. तिसरा खरेदीचा पूर्ण हिशेब, जो अश्शूरचा प्रतिनिधी कानेशच्या मालकाला पाठवी: तुझी चांदी पोचली, तोलून पाहिली, इतकी कमी भरली, त्यातून इतक्याचं कापड, इतक्याचं कथील, गाढवं, खोगीर-पट्टे, जकात. "कमी भरली" हा उल्लेख फार वेळा येतो आणि त्यावर कोणी आरडाओरडा करत नाही. हजार किलोमीटरच्या दोन टोकांच्या तराजूंत थोडा फरक पडणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं.

अवांतर: लोकांचा समज असतो की बडा व्यापारी अश्शूरला बसून हुकूम सोडतो. प्रत्यक्षात पूशू-केनसारखे मोठे व्यापारी बरीच वर्षं कानेशला राहिले आणि अश्शूरला त्यांची बायको, भाऊ, भागीदार खरेदी बघत. मालक कुठल्याही टोकाला असो, मधला प्रवास दुसरे करत. अश्शूर ते कानेश सहा आठवड्यांच्या आसपास लागत आणि हिवाळ्यात घाट बंद झाले की तीन-चार महिने सगळं ठप्प.

हिशेबी

वखारमुनीम यांनी पद्धत नेमकी मांडली आहे. आकड्यांची मागणी होती, म्हणून एका गाढवाचा हिशेब मांडतो. भाव वर्षागणिक हलत, मी मधले धरतोय.

अश्शूरला चांदीच्या १ शेकेलला १३ ते १६ शेकेल कथील मिळे, कानेशला ६ ते ८. आपण १४ आणि ७ धरू.

खरेदी: १३० मिना कथील, १४ च्या भावाने चांदी ९ मिना १७ शेकेल. शहराबाहेर पडतानाची जकात किमतीच्या १/१२०, म्हणजे ५ शेकेलच्या आत. गाढव आणि त्याचा साज मिळून २२ शेकेलच्या आसपास. सुटं कथील १० मिना, त्याचे ४३ शेकेल. एकूण गुंतवणूक साधारण १० मिना २७ शेकेल.

विक्री: कानेशला पोचल्यावर तांडा थेट टेकडीवर राजवाड्यात नेत. तिथे गोण्या उघडत आणि राजाचा वाटा काढत. कथलावर दर ६५ मिनांना २ मिना. (६५ हा विचित्र आकडा कुठून आला हे गोणीचं वजन पाहिलं की कळतं, जकात गोणीमागे होती.) म्हणजे ४ मिना गेले, १२६ उरले. ७ च्या भावाने १८ मिना चांदी.

फरक ७ मिना ३३ शेकेल, म्हणजे गुंतवणुकीवर शंभराला ७२. चकित करणारा आकडा आहे, पण तो पूर्ण नफा नव्हे. वाटेतल्या राजांची जकात मोठी होती. ती मालाच्या अश्शूरमधल्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत जाई, आणि मग सुट्या कथलाचे १० मिना पुरत नसत. तांडेवाल्याचा मोबदला वेगळा. चांदी परत पाठवताना तिच्यावर पुन्हा कानेशमधल्या अश्शूरी व्यापाऱ्यांच्या वसाहतीची पट्टी (कर) आणि वाहतूक. शिवाय वाटेत गाढव मेलं तर दुसरं घ्यायचं, हे हिशेबांत नेहमी दिसतं. सगळ्यात महत्त्वाचं, ही १८ मिना चांदी रोख मिळेलच असं नाही. उधारीवर विकलं तर वर्ष जाई.

परतीच्या प्रवासाचं गणितही बघा. जाताना ६५ किलो कथील, येताना त्याची किंमत ९ किलो चांदीत. म्हणून बहुतेक गाढवं अनातोलियातच विकून टाकत आणि चांदीच्या मोहोरबंद पुड्या घेऊन मोजकीच माणसं परत येत.

कापडावर राजाचा वाटा २० नगांना १, आणि त्यावर उरलेल्यातले दहाव्या हिश्श्याचे नग राजवाडा आपल्या भावाने विकत घेऊ शके. हा दुसरा हक्क व्यापाऱ्यांना जास्त बोचत असणार, कारण चांगले नग तिथेच निघून जात.

मिंधी_नाही

जकातीचा विषय निघालाच आहे तर चोरवाटेबद्दलही सांगायला हवं. राजरस्ता टाळून जाणाऱ्या अवघड वाटेला त्यांच्या पत्रांत स्वतंत्र नावच आहे, आणि तिने माल नेण्याबद्दल ते एकमेकांना उघड सल्ले देतात. वाट चिंचोळी, डोंगरातली, त्यामुळे ओझं लहान करावं लागे. दुसरी युक्ती म्हणजे स्थानिक माणसाकडून थोडा थोडा माल शहरात सरकवणं.

हिशेबी यांच्या आकड्यांवरून पाहिलं तर कानेशच्या जकातीतून एका गाढवामागे वाचणार ४ मिना कथील, म्हणजे जेमतेम ३४ शेकेल चांदी. तेवढ्यासाठी जोखीम घेण्यात अर्थ नव्हता. खरी बचत कापडात होती, आणि वाटेवरच्या सगळ्या राजांची मिळून जी जकात होई तिच्यात होती.

पकडले जाण्याची भीती खरी होती. एका पत्रात एकजण दुसऱ्याला सावध करतो: इर्राच्या मुलाने चोरटा माल पूशू-केनकडे पाठवला, तो पकडला गेला, राजवाड्याने पूशू-केनला धरून तुरुंगात टाकलं, पहारे कडक आहेत, तू असलं काही करू नकोस. कानेशच्या सर्वांत प्रतिष्ठित व्यापाऱ्याची ही गत. माल पाठवणारा सुरक्षित आणि तो घेणारा आत, दूरच्या व्यापारातली ही असमानता तेव्हापासून आहे.

लुटीचं काय, तर त्यासाठी स्थानिक राजांशी करार असत. जकात द्यायची, बदल्यात राजाने आपल्या हद्दीतल्या रस्त्याची हमी घ्यायची, आणि माल लुटला गेला तर भरपाई द्यायची. म्हणून जकातीला नुसता खर्च म्हणू नये, तिच्यात विम्याचा भाग होता. चोरवाटेने जाणारा हे संरक्षण सोडून जाई.

खण_पैठणी

सगळे कथलात अडकले आहेत, पण दुरून खरेदीचा खरा कस कापडात लागतो. कथील म्हणजे कथील, तोलून घेता येतं. कापडाचा पोत कानेशच्या गिऱ्हाइकाला काय आवडतो हे अश्शूरच्या मागावर बसलेल्या बाईला कळायचं कसं? पत्राने.

वक्कूर्तुम नावाच्या विणणाऱ्या बाईला पुझुर-अश्शूर या व्यापाऱ्याने धाडलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यातल्या सूचना जवळजवळ आजच्या खरेदी-मागणीसारख्या आहेत. आधी पाठवलंस तसलंच तलम कापड कर. एका बाजूने लोकर विंचरून घे, पण कातरू नकोस. वीण घट्ट हवी. आधीच्यापेक्षा प्रत्येक नगात १ मिना लोकर जास्त घाल, पण कापड पातळच राहिलं पाहिजे. दुसरी बाजू हलकी विंचर, तरी केसाळ राहिली तर कातर. तयार नग ९ हात लांब आणि ८ हात रुंद असावा. अमक्या गावच्या पद्धतीचं जे पाठवलं होतंस ते पुन्हा पाठवू नकोस. तुला जमत नसेल तर तिथे बाजारात मिळेल ते विकत घेऊन पाठव. सोबत १ मिना चांदीही पाठवली होती.

माप लक्षात घ्या: हात म्हणजे साधारण अर्धा मीटर, म्हणजे कापड साडेचार मीटर बाय चार मीटर. एवढ्या नगात अर्धा किलो लोकर वाढवायची आणि तरी पातळ ठेवायचं, याचा अर्थ सूत बारीक आणि तारा जास्त, विणायला वेळ जास्त. मागणारा माणूस विणकाम जाणून होता हे त्यातून दिसतं.

पूशू-केनची बायको लमस्सी अश्शूरला घर, मुलं, मजूर आणि विणकाम सांभाळत होती आणि तांड्याबरोबर कापड पाठवत होती. तिच्या पत्रांतून कळतं की कोणाच्या हाती किती नग दिले हे ती नावानिशी लिहिते आणि त्याची चांदी का आली नाही हे विचारते. ही चांदी तिची. नवऱ्याच्या व्यापारात ती स्वतंत्र पुरवठादार होती असं म्हणणं योग्य ठरेल. कापडाच्या इतिहासात या बायकांना "घरकाम करणाऱ्या" म्हणून एका ओळीत उडवून लावतात, ते मला मुळीच पटत नाही.

बिघडायचं काय? ओल आणि कसर. लोकरी कापड सहा आठवडे घट्ट बांधलेलं, वाटेत पाऊस-नद्या. पोचल्यावर लगेच उघडून वारा देणं आणि कसर लागलेले नग बाजूला काढणं हे कामच होतं. खराब नगाचा भाव पडे आणि हिशेबात तो वेगळा दाखवावा लागे.

बोरूबहाद्दर

मी मागितलं होतं त्याहून कितीतरी जास्त मिळतंय, मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. एक, उधारी आणि भांडवल: एवढी चांदी एका माणसाकडे यायची कुठून? दोन, तांडेवाल्याला पगार होता का? त्याने गाढव-माल घेऊन पोबारा केला तर?

वखारमुनीम

तांडेवाल्यापासून सुरू करतो. त्याला बिनव्याजी चांदी देत, बहुधा अर्धा मिना म्हणजे ३० शेकेल. ती त्याने स्वतःच्या छोट्या व्यापारात फिरवायची, दोन-चार नग घ्यायचे, मालकाच्या गाढवावर टाकायचे, त्यावरचा नफा त्याचा. मूळ रक्कम परत केल्याशिवाय तो नोकरीतून मोकळा नाही. म्हणजे एकाच रकमेत मोबदला आला आणि बांधिलकीही. शिवाय माल पोचण्यातच त्याचा फायदा, कारण त्याचे नगही त्याच गाढवावर. मला ही या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत हुशारीची गोष्ट वाटते. पळून जाण्याबद्दल म्हणाल तर अश्शूर लहान शहर होतं, माणसं एकमेकांची नातेवाईक, आणि करार साक्षीदारांसमोर केलेला.

भांडवल. मोठ्या व्यापारासाठी अनेकांनी मिळून पैसा उभा करायची पद्धत होती. अमूर-इश्तार नावाच्या व्यापाऱ्याचा असा करार सापडला आहे. डझनाहून जास्त लोकांनी मिळून ३० मिना सोनं, म्हणजे सुमारे १५ किलो, त्याच्या हाती दिलं. मुदत १२ वर्षं. नफ्यातला तिसरा हिस्सा व्यापाऱ्याचा. आणि जो मुदतीआधी रक्कम मागेल त्याला १ मिना सोन्याला ४ मिना चांदी या दराने मुद्दल मिळेल, नफा काही नाही. शेवटचं कलम नीट वाचा. भांडवल अर्ध्यातून निघून गेलं तर माल रस्त्यात असताना व्यापारी बुडतो, म्हणून काढणाऱ्याला तोटा होईल अशी तजवीज करून ठेवली आहे.

उधारी. कानेशला माल घेणारे फिरते विक्रेते रोख देत नसत. मुदत काही महिन्यांची, कधी वर्षभराची. कर्जरोखा लिहून तो मातीच्याच पाकिटात बंद करत आणि पाकिटावर कर्जदाराची आणि साक्षीदारांची मोहोर. मजकूर पाकिटावरही लिहिलेला असे. त्यामुळे बाहेरचा कोणी बदलला तर पाकीट फोडून आतला ताडून पाहता येई. रक्कम फिटली की पाटी कर्जदाराला परत, तो ती मोडून टाके. मुदत टळली तर वसाहतीच्या नियमाने व्याज: मिनाला महिन्याला दीड शेकेल, म्हणजे वर्षाला शंभराला ३०. काही रोख्यांत सावकाराचं नाव न घालता "व्यापारी" एवढंच लिहीत आणि काहींत स्पष्टच म्हणत की ही पाटी जो आणेल तो व्यापारी. म्हणजे रोखा हातोहात पुढे जाऊ शके. ज्याच्या हाती हुंडी त्याला पैसे, ही पुढे आपल्याकडे रुळलेली रीत ज्यांना माहीत आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल, पण दोन्हींमध्ये थेट नातं जोडू नये.

दस्तऐवज_दादा

चर्चा चांगली चालली आहे, पण "सर्वांत जुनं" या शब्दाबद्दल सावध राहू. कानेश सर्वांत जुनं आहे ते तपशीलवार लेखी पुराव्यात. मोहोर लावून माल लांब पाठवण्याची पद्धत त्याआधीची आहे. गुजरातेत लोथलला वखारीच्या जागेत मातीच्या ६५ मोहोरठशांचा साठा सापडला. त्यांच्या पाठीमागे चटई आणि दोरीचे ठसे आहेत, म्हणजे ते बांधलेल्या गाठोड्यांवरून निघालेले आहेत. समोर सिंधू लिपीची मोहोर. इराणच्या आखाताच्या पद्धतीची एक गोल मोहोरही लोथलला मिळाली आहे आणि सिंधू मोहोरा मेसोपोटेमियातल्या उर शहरात. हा व्यापार कानेशच्या आधीपासूनचा. फक्त तिकडची लिपी अजून वाचता येत नाही, म्हणून कोणी कोणाला कितीला काय पाठवलं हे लोथलबाबत सांगता येत नाही. पुरावा गप्प आहे म्हणून व्यवहार साधा होता असं मानू नये.

कानेशच्या दप्तराचीही एक मर्यादा आहे. इ.स.पू. १८३५ च्या सुमारास ती वस्ती जळाली आणि घरांतल्या पाट्या ढिगाऱ्याखाली राहिल्या. अश्शूरच्या बाजूला त्या काळातलं असं दप्तर मिळालेलं नाही. त्यामुळे आपण आलेली पत्रं वाचतो आणि गेलेल्यांपैकी फक्त घरी ठेवलेल्या प्रती.

आणि तक्रारींचा विषय कोणीच काढला नाही याचं आश्चर्य वाटतं. उरच्या ईआ-नासिरला नान्नी या गिऱ्हाइकाने इ.स.पू. १७५० च्या सुमारास लिहिलेली पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ईआ-नासिर दिल्मुनहून, म्हणजे आजच्या बहारीनकडून, तांबं आणून विकत होता. नान्नीची तक्रार तीन मुद्द्यांची आहे. चांगल्या लगडी देतो म्हणालास आणि माझ्या माणसापुढे वाईट ठेवल्यास. घ्यायच्या तर घे नाहीतर चालता हो, असं म्हणालास. माझ्या माणसाला शत्रूच्या मुलखातून रिकाम्या हाताने परत पाठवलंस. शेवटी तो बजावतो की यापुढे तांबं माझ्याच अंगणात एकेक लगड निवडून घेईन आणि नाकारायचा हक्क माझा. गंमत म्हणून ही पाटी फार फिरते, पण तिच्यातला मुद्दा गंभीर आहे. कथलाच्या गोणीवर मोहोर असली की वजनाची खात्री मिळते, धातूच्या कसाची मिळत नाही. कस पाहायचा तर गिऱ्हाइकाने स्वतः पाहायला हवा, किंवा नाकारायचा हक्क लिहून घ्यायला हवा.

टपालवाटे

मूळ प्रश्नात व्हीपीपीचा उल्लेख आहे म्हणून थोडक्यात: कानेशला नव्हतं आणि एकोणिसाव्या शतकात आलं असं काय?

अनोळखी गिऱ्हाईक. कानेशच्या व्यवहारात दोन्ही टोकांना ओळखीचा माणूस लागे, भाऊ, बायको, भागीदार. वॉर्डच्या यादीतून माल मागवणारा शेतकरी वॉर्डला कधीच भेटणार नव्हता. त्यासाठी तीन गोष्टी लागल्या. सगळ्यांना एकच छापील भाव, पसंत नसेल तर पैसे परत अशी जाहीर हमी (वॉर्डने ती १८७५ मध्ये दिली), आणि दोघांच्या मध्ये उभा राहणारा तिसरा, म्हणजे टपाल आणि रेल्वे. अमेरिकेत खेड्यांत घरपोच टपाल १८९६ पासून, आणि पार्सल टपाल १ जानेवारी १९१३ ला सुरू झालं. तोवर जड माल रेल्वे स्टेशनवरून आणावा लागे.

व्हीपीपीत हा तिसरा माणूस पैशाचंही काम करतो. पाठवणारा पार्सलवर वसूल करायची रक्कम लिहून देतो, पोस्टमन दारात तेवढे पैसे घेतल्यावरच पार्सल सोडतो, आणि पोस्ट ती रक्कम मनिऑर्डरीने पाठवणाऱ्याला पोचवतं. घेतलं नाही तर पार्सल परत आणि जाण्यायेण्याचा टपालखर्च पाठवणाऱ्याच्या माथी. म्हणून पुस्तकविक्रेते आणि औषधवाले थोडी रक्कम आगाऊ मागत. एक त्रुटी मात्र राहिलीच: पैसे आधी, पाकीट उघडणं नंतर. नान्नीने अंगणात निवडून घ्यायचा जो हक्क मागितला होता, तो व्हीपीपीनेही दिला नाही.

बोरूबहाद्दर

सगळ्यांचे आभार. शेवटची एक शंका. आगाऊ पत्रच हरवलं तर? किंवा अश्शूरच्या प्रतिनिधीने म्हटलं की मला तसं लिहिलंच नव्हतंस?

वखारमुनीम

महत्त्वाच्या पत्रांच्या आणि रोख्यांच्या प्रती ठेवत, आणि त्या प्रती दप्तरांत सापडतात. आगाऊ पत्र बहुतेक वेळा त्याच तांड्याबरोबर किंवा थोडं पुढे जाणाऱ्या दुसऱ्या माणसाबरोबर जाई. माल सोपवल्याचा साक्षीदारांसमोरचा करार वेगळा असे, त्यामुळे एक पत्र गहाळ झालं तरी माल किती आणि कोणाचा हे सिद्ध करता येई. वाद झालाच तर कानेशच्या वसाहतीची स्वतःची न्यायसभा होती, आणि तिथे न मिटलेलं प्रकरण अश्शूरच्या शहरसभेकडे जाई. साक्षीदारांना देवाच्या शस्त्रासमोर शपथ घ्यावी लागे.

पत्रं लहान असत, तळहातावर मावतील एवढी. जागा संपली तर उरलेला मजकूर छोट्या जोडपाटीवर लिहून ती त्याच पाकिटात घालत. अशा जोडपाट्याही क्युलतेपेला मिळाल्या आहेत.